बांधावरचा दगड आणि झाडातला डबा

आमच्या लहानपणी गुप्तधनाच्या गोष्टींना तोटा नव्हता. प्रत्येक जुन्या वाड्याखाली मोहरांचा एक हंडा असायचाच आणि त्या हंड्यावर वेटोळे घालून बसलेला एक म्हातारा नागही असायचा. हंडा पाहिलेला माणूस मात्र कधी भेटला नाही. ज्याने पाहिला तो एक तर वेडा झालेला असे, नाही तर गाव सोडून गेलेला. या सगळ्या गोष्टींतून एक गोष्ट मनावर पक्की ठसली, ती अशी की लपवलेली वस्तू सापडू नये हीच लपवणाऱ्याची इच्छा असते.

हा समज वयाच्या बहात्तराव्या वर्षी, घरापासून सात समुद्रांपलीकडे, एका दहा वर्षांच्या मुलाने दूर केला. तो मुलगा म्हणजे माझा नातू. गेल्या वर्षी मुलीकडे पोर्टलंडला गेलो होतो. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, “आजोबा, तू चल माझ्याबरोबर. खजिना शोधू.” (तो सगळ्यांनाच अरे-तुरे करतो. तिकडच्या मराठीत अहो-जाहोची सोय नाही.) त्याच्या हातात आईचा मोबाइल, पाठीवर पाण्याची बाटली आणि खिशात एक पेन्सिल. खजिना शोधायला कुदळ नाही, पेन्सिल! मी चप्पल बदलून बूट घातले आणि निघालो.

माझा जन्म मोजणीत गेला. भूकरमापक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा शंकू, साखळी आणि फलकयंत्र ही आमची आयुधे होती. पस्तीस वर्षे मी गावोगावच्या शेतांत हद्दीचे दगड शोधत हिंडलो. नकाशात दगड असे, जागेवर नसे. रात्रीतून तो शेजाऱ्याच्या रानात चार पावले चालून गेलेला असे. दोन सख्खे भाऊ, मध्ये वीतभर बांध आणि त्या बांधापायी कोर्टात गेलेली तीस वर्षे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की उघड्यावर ठेवलेली वस्तू जागच्या जागी राहू शकते यावर माझा विश्वास उरलेला नव्हता. म्हणून नातवाच्या मागून जंगलवाटेने चालताना मी मनात म्हणत होतो, पोराचा हिरमोड होणार.

हिरमोड झाला नाही. मोबाइलने आम्हाला एका पडलेल्या वृक्षापाशी नेऊन सोडले आणि “आता तुमचे तुम्ही बघा” अशा थाटात तो गप्प बसला. अर्धा तास आम्ही ओणवे होऊन शोधत होतो. शेवटी नातवाने खोडाच्या ढोलीवरचा सालीचा एक तुकडा बाजूला केला आणि आत जेवणाच्या डब्याएवढा एक प्लॅस्टिकचा डबा दिसला. डब्यात काचेच्या गोट्या, एक प्लॅस्टिकचा डायनासोर, दोन-तीन बिल्ले आणि एक वही. वहीत शेकडो सह्या. पहिली सही अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षे हा डबा रस्त्यापासून शंभर पावलांवर, कुलूप-किल्लीशिवाय राहिला होता. त्याचा पत्ता साऱ्या जगाला माहीत असताना राहिला होता. मी पेन्सिल घेऊन वहीत सही केली. मराठीत. एक गोटी नातवाने घेतली आणि तिच्या जागी मी माझ्या खिशातले रुपयाचे नाणे ठेवले. घ्याल तर तेवढ्याच मोलाचे काही ठेवा, एवढाच या खजिन्याचा कायदा.

बादली आणि उपग्रह

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. त्याचा जन्म अगदी तारीखवार सांगता येतो, कारण तो एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांपैकी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे उभे आहोत हे कळते. पण सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून सोडला जात असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक सहज पडे. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही बिघडवणूक बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याच मध्यरात्री जगभरची यंत्रे एकदम नीट दिसू लागली. चूक दहा-वीस मीटरवर आली. आम्हा मोजणीवाल्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक काळी बादली झाडीत अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, व्हिडिओ कॅसेट, थोडे पैसे, एक बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा होता. तिचे अक्षांश-रेखांश त्याने संगणकावरून जाहीर केले. यंत्रे खरोखरच सुधारली आहेत का, हे त्याला पाहायचे होते. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. पहिला होता माइक टीग. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश याने या डब्यांची पद्धतशीर नोंद सुरू केली. तेव्हा यादीत पंचाहत्तर डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून अधिक आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट या अंतराळप्रवाशाने अंतराळ स्थानकावरच्या एका कप्प्यालाही या यादीत बसवले. आम्ही पोर्टलंडहून ती पहिली जागा मुद्दाम पाहायला गेलो. बादली आता नाही, एक फलक आहे. घेवड्याचा तो डबा मात्र जपून ठेवला गेला आणि शोधकांच्या मेळाव्यांतून मिरवला जातो, असे ऐकले. आपल्याकडे पादुका मिरवतात, तिकडे घेवडा!

अर्थात, ही कल्पना उपग्रहांबरोबर उगवली असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमियर पूल नावाच्या दुर्गम दलदलीत, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली होती. तिथवर चिखल तुडवत जाणारा माणूस आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकून येई. मी इथे येऊन गेलो, हे दुसऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला कळावे ही माणसाची फार जुनी हौस आहे. आपल्याकडे ती किल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने कोरली जाते. त्यापेक्षा बाटली बरी, हे कोणीही मान्य करील.

लपवणाऱ्याची कला

शोधण्याची मौज सगळ्यांनाच कळते. मला हळूहळू कळत गेली ती लपवण्याची कला, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही एका उद्यानात गेलो. तिथे एका खांबाला माणसाच्या उंचीची उभी नळी बांधलेली होती. वरून उघडी, खालून बंद, आणि बुडाशी चार-पाच भोके. आत डोकावले तर तळाशी डबी दिसत होती. हात पोचत नव्हता. सूचनेत एवढेच लिहिले होते की पाण्याची बाटली आणि एक मित्र बरोबर आणा. नातवाने पाणी ओतले, ते भोकांतून वाहून गेले. तो माझ्याकडे पाहू लागला आणि मला हसू फुटले. अरे, हा तर आपला तहानलेला कावळा! मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांच्या बोटांनी भोके बंद केली, त्याने पाणी ओतले आणि डबी तरंगत तरंगत वर आली. माझी विजार भिजली, गुडघे दुखले. पण परत येताना मी त्याला कावळ्याची गोष्ट सांगितली आणि त्याने ती शेवटपर्यंत मराठीतून ऐकली. एरवी माझे मराठी दोन वाक्यांपलीकडे गेले की त्याचे लक्ष उडायचे.

आता विचार करा. ज्या माणसाने ती नळी बसवली त्याला माहीत होते की एकट्याला हे जमणार नाही. त्याने भोके मुद्दाम पाडली. कुणीतरी दोघे, बाप-लेक म्हणा, आजोबा-नातू म्हणा, इथे येतील आणि एकाला दुसऱ्याची बोटे लागतील, हे त्याने आपल्या घराच्या अंगणात करवत चालवताना मनात धरले होते. ज्यांना आपण कधी भेटणार नाही त्यांच्या आनंदाचा इतका बारीक विचार करणे याला मी तरी कलाच म्हणतो.

असे नमुने पुष्कळ असतात. पोकळ फांदी, आतून कोरलेला नकली दगड, लोखंडी कठड्याला लोहचुंबकाने चिकटलेला खोटा बोल्ट, कोडे सोडवल्याशिवाय न उघडणारे पक्ष्याचे लाकडी घरटे. प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात: शोधायला किती अवघड आणि तिथवर पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाचपर्यंत. मदतीची सूचनाही असते, पण ती सांकेतिक. इंग्रजीतील प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवायचे की अर्थ लागतो. आपल्या ‘च’च्या भाषेचीच ही चुलत बहीण. ज्यांना या खेळाची खबर नाही अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे लोक हॅरी पॉटरच्या गोष्टींतला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात. मगलांच्या डोळ्यांदेखत डबा काढायचा आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, हीसुद्धा एक गंमत.

मात्र कला आली की तिची नासाडीही येतेच. नेवाडा राज्यातील एका वाळवंटी रस्त्याच्या कडेने, दर एक दशांश मैलाला एक, असे हजारावर डबे मांडले गेले. गाडीतून उतरायचे, सही ठोकायची, पुन्हा गाडीत. दिवसभरात शेकडो! त्या सह्या करणाऱ्यांना वाळवंट दिसले असेल का, याची मला शंका आहे. दिव्याच्या खांबाखाली फिल्मची रिकामी डबी सरकवून ‘आणखी एक झाला’ म्हणणारेही आहेत. सर्वांचा आनंद आपापला हे मान्य करूनही मला वाटते की ज्या डब्यापाशी पोचून पाहण्यासारखे काहीच नाही, तो डबा लपवलेला नाही, टाकलेला आहे. तो राखायला कोणी फिरकले नाही तर वर्षभरात त्याचा निव्वळ कचरा होतो.

म्हणून या खेळातला मला सर्वांत आवडलेला नियम हा: ज्याला राखता येत नाही त्याने लपवू नये. नवा डबा यादीत जाण्यापूर्वी स्वयंसेवक त्याची तपासणी करतात. जागेच्या मालकाची परवानगी हवी. खणायचे नाही (उल्मरची अर्धी पुरलेली बादली आज नापास झाली असती). खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, कारण माणसांआधी जनावरे शोधून काढतात. दोन डब्यांत एकशे एकसष्ट मीटर अंतर हवे. आणि लपवणारा जवळपास राहणारा हवा. सुटीवर आलेल्या पाहुण्याने डबा ठेवून विमानात बसायचे, हे चालत नाही.

म्हणजे माझी पंचाईतच झाली. मी तर पाहुणा. नातू म्हणाला, “मी राखीन ना, आजोबा.” मग मुलीच्या नावावर आम्ही एक डबा मांडला. मोजणीच्या खुणेसारखा दगड करावा असे पहिल्यांदा मनात आले होते, पण मीच ते खोडून काढले. खरी हद्दीची खूण आणि खेळातली खूण यांची सरमिसळ करणे हा माझ्या लेखी गुन्हा आहे. त्याऐवजी एका पाटीवर चित्रे काढली. एक आंबा, त्याखाली १. दोन चिमण्या, त्याखाली २. अशी नऊपर्यंत. शेजारच्या दुसऱ्या पाटीवर डब्याचे अक्षांश-रेखांश, पण देवनागरी आकड्यांत. अक्षांशातल्या कलेचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. तेव्हा ७ आणि ९ यांत घोटाळा केला तर माणूस भलत्याच झुडपात शिरणार! नातवाला हे आकडे स्वतःच रंगवायचे होते, म्हणून तो आधी ते शिकला. दोन वर्षे त्याची आई त्याच्या मागे लागली होती. ते काम एका दुपारी झाले. महिन्याभराने त्याने वहीचा फोटो पाठवला. कुणा अनोळखी शोधकाने आपली तारीख देवनागरीत लिहिली होती. पाच उलटा काढला होता, पण वाचता येत होता.

बेवारस वस्तूला हात लावू नका

पुण्याला परतलो आणि टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रांना ही हकिगत सांगितली. भारतातही हा छंद आहे, पण इतक्या मोठ्या देशाच्या मानाने डबे अगदी मोजके. का? मित्रांची उत्तरे तयार होती. एक म्हणाला, “दुसऱ्या दिवशी डबा पळवतील.” दुसरा म्हणाला, “पळवतील कशाला, पोलिसांना बोलावतील.”

पहिल्या उत्तरावर मी वाद घालू शकलो असतो. दुसऱ्यावर गप्प बसलो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत काय झाले आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत काय झाले, हे आपण विसरलेलो नाही. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा ऐकत आपली एक पिढी मोठी झाली. ती घोषणा चुकीची नाही. इंग्लंडमध्येही २०११ साली वेदरबी या गावात भर रस्त्यावरचा असाच एक डबा बॉम्ब समजून लष्करी पथकाने उडवून दिला होता. तेव्हा स्टेशन, बाजार, देऊळ, शाळेचे फाटक अशा ठिकाणी डबा लपवणे हा मूर्खपणाच आहे, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा राजमार्गही.

गडांचे तर नावच काढू नका. संरक्षित वास्तूच्या दगडात आपली डबी कोंबणारा आणि भिंतीवर बदाम कोरणारा, दोघे एकाच माळेचे मणी. तिथे दुसरा मार्ग आहे. २००४ पासून या खेळात डबा नसलेला एक प्रकार चालतो. एखादे भूशास्त्रीय नवल असलेले ठिकाण सांगायचे आणि जागेवर जाऊन, निरखून पाहिल्याशिवाय देता येणार नाही असा प्रश्न विचारायचा. लोणारचे विवर, कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे किंवा कोणत्याही घाटात दिसणारे बेसॉल्टचे थर यांसाठी याहून चांगला खेळ सुचवता येणार नाही. कचरा नाही, संशय नाही, आणि सहलीला गेलेली मुले निदान एक दगड नीट बघून येतील.

पण एवढ्यावर माझे समाधान होत नाही. कारण भीतीने शिकवलेला धडा स्टेशनापुरता राहत नाही, तो आपल्या अंगणातही येऊन बसतो. सोसायटीच्या जिन्यात कुणाची चप्पल राहिली तरी आपण आधी संशय घेतो. शेजारची मुले आपल्या मजल्यावर कशाला आली, हे विचारतो. जे सर्वांचे आहे ते कोणाचेच नाही, आणि जे कोणाचेच नाही ते एक तर धोक्याचे किंवा उचलून नेण्याचे, हे आपले सार्वजनिक गणित झाले आहे. बांधावरचा दगड याच गणिताने चालत चालत शेजाऱ्याच्या रानात जात होता. सर्वांच्या जागेत ठेवलेली, सर्वांना माहीत असलेली आणि तरीही कोणी न नेलेली अशी एक तरी वस्तू मुलांनी लहानपणी पाहायला नको का? विश्वासावर निबंध लिहून घेता येतो, पण विश्वासाची सवय हाताला लागावी लागते.

म्हणून मी माझ्यापुरता एक प्रयोग केला. सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घेतली. एक पारदर्शक बरणी घेतली, तिच्यात वही, पेन्सिल, गोट्या, चिंचोके आणि दोन भोवरे ठेवले आणि बागेतल्या कढीपत्त्याच्या कुंडीमागे ती लपवली. मुलांना चिठ्ठी दिली: फाटकापासून चाळीस पावले उत्तरेला, मग सूर्य मावळतो तिकडे अकरा. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना उत्तर कुठे आहे हे ठाऊक नव्हते, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना होते. वही भरू लागली. आठव्या दिवशी बरणी गायब.

मित्रांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. मलाही पस्तीस वर्षांचे सगळे हललेले दगड आठवले. कोण असेल, याची यादीसुद्धा मनात तयार झाली, हे कबूल केले पाहिजे. दुपारी झाडलोट करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, “काका, ती बरणी होय? कुंडीमागं कोणी टाकली म्हणून मीच कचऱ्यात घातली. मला कुणी सांगितलं होतं का?”

कुणीच सांगितले नव्हते. समितीच्या अध्यक्षांना अर्ज दिला, सचिवांची सही घेतली आणि जी व्यक्ती रोज सकाळी त्या जागेवर हात फिरवते तिला विचारायचे मात्र राहून गेले. परवानगी मालकाची घ्यावी असे नियम सांगतो. जागा खरोखर कोण राखते, हे पाहायला मीच विसरलो होतो.

नवी बरणी ठेवली तेव्हा जागा त्या बाईंनीच दाखवली. “इथं ठेवा, काका. इथं नळाचं पाणी येत नाही नि माझा झाडूही लागत नाही.” त्यानंतर चार महिने झाले. दोन गोट्या आणि एक भोवरा कमी झाला आहे, त्यांच्या जागी एक शिंपला आणि क्रिकेटपटूंची चित्रे आली आहेत. वहीच्या नव्या पानावरची पहिली सही बाईंची आहे. मुलांनीच आग्रहाने करायला लावली.